मऊ जेवण

मिक्सर थांबवून झाकण उघडलं, तर आत बटाटा राहिला नव्हता, डिंक झाला होता. चमचा घातला आणि वर ओढला, तर सगळा गोळाच त्याच्याबरोबर वर आला.

“असं नसतं ते,” सृष्टी म्हणाली.

“मग कसं असतं?”

माझी सव्वीस वर्षांची मुलगी ओट्याला टेकून उभी होती. पुण्याला कंपनीत नोकरी, आणि अंगात माझा कोपराला विरलेला स्वेटर. तिने भांड्यात बघितलं, थोडा विचार केला.

“माहीत नाही. मी कधी केलं नाही. मऊ असतं. चमच्यावर नीट बसतं, पण तोंडात गेल्यावर नसतं.”

“आणि चीज?”

“असतं. पण दिसत नाही.”

आता यावरून माणसाने काय करायचं? चमच्यावर असतं, तोंडात नसतं. चीज असतं, दिसत नसतं. मी एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. कुस्करलेला बटाटा मी जितका केलाय तितका कुणी केला नसेल. पण आमच्याकडे तो मोठ्या वाटीने दाबायचा, दूध घालायचं आणि ट्रॉलीवर ठेवायचा. त्याच्याबद्दल असं कोड्यात कुणी बोलत नाही. हिने “गुठळी अजिबात नको” म्हटलं म्हणून मी शहाणपणा करून मिक्सर काढला.

“टाकू नका ते,” आमचे हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले. सातपूरच्या कंपनीतून निवृत्त होऊन यांना दोन वर्षं झाली. तेव्हापासून टीव्ही आणि माझं स्वयंपाकघर या दोन्हींवर यांचं बारीक लक्ष असतं. “चौदा एप्रिलची पोस्टरं चिकटवायला होईल. खळ आणायला नको.”

बापाच्या असल्या विनोदांवर सृष्टी नेहमी खिदळायची. आता नाही हसली. तिने तो डिंक वाटीत काढून घेतला, ओट्यापाशी उभ्यानेच अर्धा खाल्ला, वाटी विसळली आणि आत जाऊन पडली.

ती शनिवारी आली होती. फोन नाही, निरोप नाही. पाठीला सॅक, हातात चार्जर.

“सुट्टी आहे,” म्हणाली.

“कसली?”

“आहे.”

त्याला आता तीन दिवस झाले होते. सुके बोंबील केले, तिला आवडतात म्हणून. ताटात तसेच राहिले. बाजरीची भाकरी केली, ती फक्त मोडून ठेवली. सोमवारी मात्र आपणहून स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, “आई, बटाटे आहेत का? उकडून, एकदम मऊ करून, चीज घालून?” तेवढंच काय ते तिने मागितलं.

दुसऱ्या आईला यात काही वाटलं नसतं. माझी गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे प्रत्येक ताटावर एक चिठ्ठी येते. कॉटचा नंबर, आणि पुढे: मीठ नाही. साखर नाही. पातळ. मऊ. पेशंटची तोंडं मी बघितलेली नसतात, पण चिठ्ठीवरून मला माणूस कळतो. सात नंबरची किडनी. अकरा नंबर कालपर्यंत पातळवर होता, आज मऊवर आला, म्हणजे वाचला. आणि आता माझ्याच मुलीने स्वतःच्या हाताने स्वतःची चिठ्ठी लिहिली होती: मऊ.

मऊ कोणाला देतात? जबड्याला मार लागलेल्याला. पोटात व्रण असलेल्याला. टायफॉइडमधून उठलेल्याला. आणि अजून एका-दोघींना, ज्यांचा विचार मी मुद्दाम शेवटी ठेवला.

मी जबड्यापासून सुरुवात केली.

“तोंड उघड बघू.”

“का?”

“दाढ बघायचीये.”

“दाढेला काय झालंय?”

“तेच बघते.”

तिने माझ्याकडे बघितलं, वाद घालायचं तिच्यात बळ नव्हतं म्हणून तोंड उघडलं. मोबाईलचा उजेड टाकून सगळं बघितलं. दाढा जागच्या जागी. सूज नाही, वळ नाही. लहानपणी झोपाळ्यावरून पडून टवका उडालेला पुढचा दात तेवढा ओळखीचा होता.

“झालं?” ती म्हणाली.

“झालं.”

“काय निघालं?”

“काही नाही.”

“मग मिटू?”

जबडा यादीतून गेला. ताप नव्हता, म्हणून टायफॉइडही गेला. यादी लहान होत चालली, आणि मी मुद्दाम शेवटी ठेवलेलं पुढे सरकत होतं.

बुधवारी कामावर भागीबाईला सांगितलं. भागीबाई दिंडोरीकडची, माझ्याआधीपासून इथे आहे. आम्ही दोघी समोरासमोर बसून बटाटे सोलत होतो.

“मऊ खाती म्हंजी एक तर दाढ,” ती म्हणाली, “नाय तर पोट.”

“पोट म्हणजे?”

“पोट म्हंजी पोट.” तिने सुरीच्या टोकाने बटाट्याचा डोळा काढला. “आता म्या सांगायचं व्हय तुला? दोन पोरांची आय तू. दिसंत ना तुला येताना जाताना, कोन कशापायी मऊ खातंय ते.”

माझी मुलं दोन. मोठा संघर्ष सुरतेला असतो. पण त्या क्षणी मला एकच मूल होतं. मी इतकी भांबावले की नऊ नंबरच्या बिनमिठाच्या वरणात मीठ टाकून मोकळी झाले. भागीबाईला माझा संशय आला असावा. तिने चमचाभर वरण चाखलं आणि ते भांडं बाजूला सारून दुसरी डाळ चढवली.

“पोरीला इचारलं का?”

“कसं विचारू?”

“मग नको इचारू. पोरी इचारल्या का मिटत्यात. त्यापरीस तिच्या हाताला काम दे. हात चालला का तोंड बी चालतं.” मग थोड्या वेळाने: “आन् बटाटा मिक्सरात घातला म्हणती? येडी का खुळी तू? त्याला फिरवला का चिकाट सोडतो तो. दाबायचा असतो. घरात पुरणयंत्र नाय का?”

पुरणयंत्र होतं. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, पुरणपोळ्यांना निघायचं. बाकी वर्षभर माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळून.

येताना द्वारका चौकात रिक्षा बदलायची असते. तिथल्या डेअरीत शिरले आणि चीज मागितलं.

“कोणतं, ताई? पिझ्झ्याचं का सँडविचचं?”

“बटाट्याचं.”

दुकानदाराने हात थांबवला. “बटाट्याचं असं वेगळं येत नाही.”

“मुलगी म्हणते, असतं पण दिसत नाही.”

“मग किसून घाला,” तो म्हणाला. त्याने चौकोनी वड्यांचा डबा काढून दिला आणि सावकाश, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा म्हणाला, “बटाटा गरम असतानाच घालायचं. विरघळतं. मग दिसत नाही.”

म्हणजे ते कोडं नव्हतंच. नुसतं कुणीतरी सांगायला हवं होतं.

घरी आले. हे टीव्हीसमोर होते, सृष्टी अंघोळीला गेली होती. कुकरला बटाटे लावले, जुने बघून घेतले होते; नवा बटाटा ओला असतो, मऊ होतो पण मोकळा होत नाही. स्टुलावर चढून पुरणयंत्र काढलं. ते पुसत होते तेवढ्यात फ्रीजवर ठेवलेला सृष्टीचा फोन वाजला. नाव आलं: शेखर, ऑफिस. एकदा वाजून थांबला, परत वाजला. काही अडलं असेल म्हणून मी उचलला.

“हॅलो, सृष्टी? आई कशी आहे आता?”

“मी आईच बोलतेय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“काकू? तुम्ही बोलू शकताय? तुम्ही आयसीयूमध्ये होता ना?”

मी हातातल्या पुरणयंत्राकडे बघितलं. आजूबाजूला बघितलं. ओटा, शेगडी, पोळ्यांचा डबा. सगळं आपलंच होतं. फक्त मी कुठे होते ते कळेना.

“बाहेर काढलं,” मी म्हणाले. “सकाळी. आता वॉर्डात आहे.”

“अरे वा. प्लेटलेट्स किती झाल्या?”

“पन्नास हजार,” मी म्हणाले. “काल अठरा होत्या.”

“म्हणजे वाढतायत. डेंग्यूत तेच महत्त्वाचं.”

तेव्हा मला कळलं, मला डेंग्यू झालाय. नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली.

“तो कसला आवाज, काकू?”

“इथल्या मावश्यांचं जेवण चाललंय.”

“बरं, बरं. जेवण जातंय ना तुम्हाला?”

“मऊच देतायत. बटाटा वगैरे.”

“घ्या काकू, काळजी घ्या. आणि सृष्टीला सांगा, कामाचं टेन्शन घेऊ नको म्हणावं. फार रडली हो ती फोनवर. आम्हाला कुणाला कळेना काय बोलावं.”

फोन ठेवला आणि मी खाली पाटावर बसले. मी इतकं सराईत खोटं का बोलले, याचं मला नवल वाटत होतं. पण आमच्या घरात ते तसंच आहे. मुलांनी बाहेर काही सांगितलं असेल तर आधी ते उचलून धरायचं, जाब मागायचा तो नंतर, दार लावून. संघर्षने शाळेत सांगितलं होतं की त्याचा बाप पोलिसात आहे. यांनी सबंध वर्ष पालकसभेला खाकी पँट घालून जाऊन ते निभावलं होतं.

माझ्या आजारपणाचं काही नव्हतं. “फार रडली” हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. घरात चार दिवस झाले, एक थेंब नाही. आणि माझ्या खोट्या दुखण्यासाठी परक्यांपुढे रडली? कसं शक्य आहे? मी तर चांगली धडधाकट, घरात दोन वेळा स्वयंपाक करतेय.

सृष्टी केस पुसत आली. मी बटाटे सोलले, पुरणयंत्र परातीत ठेवलं आणि म्हटलं, “मी धरते, तू फिरव.”

ती बसली. मी वरून बटाटा टाकत होते, ती दांडा फिरवत होती. खालून बटाट्याच्या बारीक पांढऱ्या शेवया पडायला लागल्या. हलक्या, मोकळ्या, अजून वाफ येत असलेल्या. तिचा हात जरा थांबला. तिने एक चिमूट उचलून दोन बोटांत दाबली.

“असंच,” ती म्हणाली. “असंच असतं.”

“तुझ्याकडे तिकडे पुरणयंत्र आहे?”

“नाही. ती चहाच्या गाळणीतून काढायची. तासभर लागायचा. मी म्हणायचे, कशाला एवढं, दे गुठळ्यांचंच. तर नाही.”

“ती म्हणजे?”

दांडा फिरत होता. मी दुसरा बटाटा टाकला. भागीबाईची आठवण झाली, तोंड मिटलेलं ठेवायचं ठरवलं, पण ते काही मला जमलं नाही.

“सृष्टी, मला डेंग्यू कधी झाला?”

दांडा थांबला.

“शेखरचा फोन होता. घाबरू नको. मी वॉर्डात आलेय. प्लेटलेट्स पन्नास हजार सांगितल्यात, लक्षात ठेव.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड हसल्यासारखं झालं, पण हसू आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं. बराच वेळ आलं. मी हात पुढे केला, तर हाताला सगळा बटाटा लागलेला. तशीच बसून राहिले.

“राखी गेली, आई,” ती म्हणाली.

राखी हे नाव मला माहीत होतं. फोनवर असायचं. राखीने भाजी केलीय. राखी गाडी चालवतेय. वर्ध्याची मुलगी, वाकडच्या फ्लॅटमध्ये हिच्याबरोबर तीन वर्षं राहत होती, कंपनी वेगळी. दिवाळीला मी दोघींपुरता चिवडा पाठवला होता. तेव्हा फोन ओढून घेऊन ती मला म्हणाली होती, “काकू, चिवडा संपला. सृष्टीने नाही, मीच संपवला.” तिचं मला ठाऊक असलेलं बोलणं तेवढंच.

“डेंग्यू?” मी विचारलं.

“पाच दिवसांत. मीच ॲडमिट केलं. दोन रात्री मीच होते बाहेर बाकड्यावर. मग तिच्या घरचे आले. तिचे काका मला म्हणाले, तू कोण? मी म्हटलं, रूममेट. ते म्हणाले, बरं झालं बेटा, तू होतीस. आता जा, घरी जाऊन झोप.” तिने नाक पुसलं. “मग त्यांनी तिला गाडीतून वर्ध्याला नेलं. गाडीत जागा नव्हती. मी विचारलंच नाही म्हणा. काय म्हणून विचारणार?”

“आणि तू?”

“मी रूमवर आले. फ्रीजमध्ये डबा होता. ताप यायच्या आदल्या दिवशी तिने हेच केलेलं, अर्धं उरलेलं. मला ऑफिसात ओरडा बसला होता म्हणून केलेलं. कुणाला काही झालं की आम्ही हेच खायचो. ती करायची, मी खायचे. ते आंबलं होतं. मी टाकून दिलं, डबा घासून ठेवला. तिचे काका मागे थांबले होते, ते दुसऱ्या दिवशी सामान न्यायला आले. भांडी बघत होते, तिची कोणती, माझी कोणती. मी तो डबा काढून दिला. तिचाच होता. त्यांनी तो पिशवीत टाकला.”

बाहेर टीव्हीचा आवाज बारीक झाला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“मग मला का आजारी पाडलंस?”

“ऑफिसचं ॲप आहे. रजेला कारण निवडावं लागतं. कुणी गेलं असेल तर खाली यादी येते. आई, वडील, नवरा, मूल, भाऊ, बहीण. कोण ते निवडायचं.”

“मैत्रीण?”

“नाही. ‘इतर’सुद्धा नाही.”

“मग मला मारायचंस. यादीत पहिली मीच आहे म्हणतेस.”

“मारवलं नाही तुला.” ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. “मग आजारपणात गेले. तिथे आई चालते. शेखरने फोन करून विचारलं, काय झालं आईला? माझ्या तोंडात तेच आलं. डेंग्यू, प्लेटलेट्स, आयसीयू. सगळं तिचंच सांगितलं मी. नाव फक्त तुझं.”

बटाटा निवत चालला होता. डेअरीवाल्याने बजावलं होतं, गरम असतानाच. मी उठले. कढल्यात लोणी टाकलं, लसणाची एक पाकळी ठेचून त्यात फक्त पिवळी होऊ दिली. गरम दूध, मीठ, किसलेलं चीज. मंद आचेवर पळीने हलवत राहिले. माझी पाठ तिच्याकडे होती, ते बरंच होतं.

कारण मला माझं माहेर, चांदवड, आठवत होतं. माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. दुसऱ्या घरून पिठलं-भाकरी येते, त्याला कडू घास म्हणतात. आता आमच्यात विधी बदलले, भंतेजी येतात, पुण्यानुमोदन होतं; पण हा घास कुणी सोडला नाही. खरं तर कडू काही नसतं त्यात. मी तोंड उघडत नव्हते. शेजारच्या गोजराबाईने माझी हनुवटी धरली आणि घास कोंबला. मला तिचा राग आला होता. एवढी मोठी झाले तेव्हा कळलं, ती काय करत होती ते. कुणाला भरवायचं हे गावाला माहीत असतं. ज्याचं माणूस गेलं त्याला. गोजराबाई दारात आली आणि सरळ माझ्याकडे आली, चुलत्याकडे नाही, मामाकडे नाही.

सृष्टीकडे कोण येणार होतं? वाकडमध्ये कुणाला माहीत होतं? तिने मुकाट्याने डबा घासला, सॅक भरली आणि आईकडे येऊन उकडलेला बटाटा मागितला. आणि मी तिची दाढ बघत बसले.

मागे वळले तर हे दारात होते. टीव्ही बंद केला होता. घरात असताना बनियन आणि लुंगीशिवाय न दिसणारा हा माणूस आत जाऊन पांढरा शर्ट आणि पँट घालून आला होता. तो शर्ट मला माहीत आहे. कुणाकडे दुखवट्याला बसायला जायचं असलं की तोच निघतो. यांनी सोफा सोडून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि परक्याच्या घरी बसावं तसे टोकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून.

मला क्षणभर कळेना, हे काय चाललंय.

“कधी झालं?” यांनी विचारलं.

सृष्टीलाही कळलं नसावं. मग म्हणाली, “मागच्या बुधवारी.”

“किती दिवस आजारी होती?”

“पाच.”

“वय काय होतं?”

“डिसेंबरात सत्तावीस झाली असती.”

“घरी कोण कोण आहे?”

“आई-बाबा. एक धाकटी बहीण. कॉलेजला.”

“फार वाईट झालं,” हे म्हणाले. एवढंच. हे शब्द यांनी किती दारांत बसून म्हटले असतील; दुसरे कधी यांना सुचलेही नाहीत. मग, जसं विचारतात तसं विचारलं, “काही खाल्लं का नाही?”

सृष्टीने मान हलवली.

मी वाटी घेऊन तिच्यासमोर बसले. चमचा घेतला. हनुवटी धरायची वेळ आली नाही. तिने आपणहून तोंड उघडलं, दाढ दाखवताना उघडलं होतं तसंच. घास तोंडात गेला. ती तो तसाच धरून बसली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, पहिल्यांदा वरणभात खाणाऱ्या मुलाकडे बघावं तसे. मग तिने गिळला.

“मिरं कमी आहे,” ती म्हणाली. “ती खूप घालायची. ठसका लागेपर्यंत.”

मी मिऱ्याची डबी तिच्यापुढे ठेवली. तिने घातलं, ढवळलं, परत घातलं. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं आणि खात राहिली. वाटी संपल्यावर म्हणाली, “बाबांना पण दे ना.” यांनी शर्टावर सांडू नये म्हणून मान पुढे काढून खाल्लं, आणि पोस्टरबद्दल काही बोलले नाहीत.

शेखरचे फोन येत राहिले. गुरुवारी माझ्या प्लेटलेट्स ऐंशी हजार झाल्या, शुक्रवारी लाख. रविवारी सृष्टी जाणार होती. शनिवारी कामावरून सुटल्यावर मी घरी न येता भांडी बाजारात गेले. मध्यम आकाराचा स्टीलचा डबा घेतला, घट्ट झाकणाचा. दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नावं टाकणारा म्हातारा मशीन घेऊन बसलेला असतो, त्याच्यासमोर डबा धरला.

“काय टाकायचं?”

“राखी.”

“पुढे?”

आडनाव मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या मुलीला चिवडा पाठवत होते आणि आडनाव कधी विचारलं नव्हतं.

“नुसतं राखी.”

“आहेर आहे का?”

“नाही. आठवण म्हणून.”

“म्हणजे गेलेल्या का?” त्याने चष्म्यावरून बघितलं. “मग आधी कैलासवासी घालावं लागतं. का तुमच्यात कालकथित लावतात?”

आमच्यात कालकथित लावतात. तिच्यात काय लावत असतील? मी भर बाजारात डबा धरून उभी राहिले. फोन करून सृष्टीला विचारावं असं वाटलं, पण ती काय सांगणार होती? दोघींना त्याची कधी गरजच पडली नसेल.

“काही लावू नका,” मी म्हणाले. “जिवंत माणसाचं टाकता तसं टाका.”

“आणि खाली? कोणातर्फे?”

“सृष्टी.”

त्याने मशीन सुरू केलं. सुई स्टीलवर करकरत गेली. रा झाला, खी झाली. मधेच थांबून, डबा फिरवत त्याने सहज विचारलं, “कोण लागत होत्या तुमच्या?”

मागे गर्दी होती, कुणीतरी घागर घेऊन घाई करत होतं. माझ्याकडे एकही नातं नव्हतं जे खरं होतं.

“घरातली,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि दुसरं नाव टाकायला सुरुवात केली. झाल्यावर फुंकर मारून चुरा उडवला, फडक्याने पुसला आणि डबा माझ्या हातात दिला. अक्षरांपाशी तो अजून गरम होता.